व्यवसायाच्या रकान्यात काय लिहायचं?

मी आरमोरीहून बोलते आहे. कोणी आत्ताच निंदणावरून परतली असेल, कोणाची चूल अजून पेटायची असेल. हातातलं काम थांबवू नका, ते करता करताच ऐका.

आज दोन बायांविषयी बोलायचं आहे. एकीला सगळा महाराष्ट्र ओळखतो. दुसरी आपल्याच भागातली, वैनगंगेकाठच्या एका गावातली, आपल्या एका गटाची सभासद. ती गेल्या वर्षी वारली. तिच्या नवऱ्याने गोष्ट सांगायला आनंदाने होकार दिला, पण सूनबाई म्हणाल्या, रेडिओवर नाव नको. म्हणून नाव घेत नाही. आणि या गोष्टीत माझी एक चूक आहे. ती आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला मोकळी.

ही बाई वारल्यावर गटाच्या बैठकीत आम्ही शोक ठराव घेतला. मजकूर मीच सांगितला. 'त्या मनमिळाऊ, कष्टाळू गृहिणी होत्या. ईश्वर त्यांच्या आत्म्यास शांती देवो.' सभासदांच्या नोंदवहीत तिच्या नावापुढे व्यवसायाचा रकाना आहे, तिथे 'घरकाम' असं लिहिलेलं होतं. तेही अक्षर माझंच. आठ दिवसांनी तिचा नवरा तिची बचतीची रक्कम न्यायला आला. साठीचा माणूस, डोक्याला पांढरा दुपट्टा. पैसे मोजून घेतले, अंगठा दिला, आणि मग म्हणाला, "बाई, तिच्याबद्दल तुमी का लिवलं, थे वाचून दाखवा जी."

मी वाचून दाखवलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "येवढंच?"

मैत्रिणींनो, त्या एका शब्दाने मी पार खजील झाले. कारण त्याच वर्षी मी असेच तीन ठराव लिहून घेतले होते. तिन्हींत वाक्य तेच. बदललं होतं फक्त नाव.

मग तो सांगायला लागला. तासभर सांगत होता. मी एरवी घड्याळ बघणारी बाई, पण त्या दिवशी बघितलं नाही. लहानपणापासून ती रोवण्याला जायची, हे तर सगळ्यांचंच. उन्हाळ्यात तेंदूपान. पहाटे जंगलात, दुपारी घरी सावलीत बसून पुडे बांधायचे. लग्नानंतर ती शेजारणीकडे बसून कोशातून धागा काढायला शिकली. आपल्या आरमोरीकडचा कोसा तुम्हाला माहीत आहे, धागा एकसारखा निघायला हात किती बसावा लागतो, तेही माहीत आहे. दोन वर्षं ते केलं. पुढे डोळ्यांना त्रास व्हायला लागला म्हणून सोडलं. मग शाळेत खिचडी शिजवायला लागली. दिवाळीनंतर मंडईचे दिवस आले, की ती रात्री नाटकाच्या मंडपाबाहेर भज्यांचं दुकान लावायची. आत नाटक रात्रभर चालायचं, बाहेर तिची कढई. नवरा सांगत होता, "तिनं येक बी नाटक पुरं पायलं नाई, पन डायलाग सारे पाठ होते तिले." आणि गावात कोणाचे दिवस भरले की बोलावणं यायचं ते तिलाच. दवाखान्यात न्यायचं असो की रात्र काढायची असो, सोबत तीच. एकदा पुराच्या पाण्यात डोंग्यात बसून एका बाळंतिणीला घेऊन पलीकडे गेली. नवरा काठावर उभा राहून तिला शिव्या देत होता, हे त्याने स्वतःच सांगितलं.

आणि तिची एक मैत्रीण. मोहफुलं वेचायच्या दिवसांत दोघींची जंगलात ओळख झाली. मैत्रीण गोंड समाजाची, दूरच्या गावची. पहाटेच्या अंधारात दोघी एकाच झाडाखाली होत्या आणि समोर अस्वल आलं. दोघींनी टोपल्या वाजवत, ओरडत, एकमेकींचा हात धरून पाय मागे घेतले. त्यानंतर पंचवीस वर्षं दर हंगामात ही तिच्या घरी चार दिवस मुक्कामाला जायची. तेरवीला ती मैत्रीण टोपलीभर सुकवलेली मोहफुलं घेऊन आली आणि कोणाशी काही न बोलता दारात बसून राहिली.

हे सगळं मी दोन शब्दांत बसवलं होतं. कष्टाळू गृहिणी.

त्या रात्री मला साधनाताई आमटे आठवल्या.

वरोरा आपल्याला फार लांब नाही. वैनगंगेचा पूल ओलांडायचा, ब्रह्मपुरी, नागभीड, चिमूर करत जायचं. आपल्यातल्या बऱ्याच गटांनी आनंदवनाची सहल केली आहे. तिथून परतताना बायांना मी नेहमी विचारते, काय पाहिलं? बाया सांगतात, बाबांचं काम पाहिलं. आणि साधनाताई? मग उत्तर येतं, "त्या बाबांच्या पत्नी." बरोबरच आहे. पण 'पत्नी' हा शब्दही आपल्या 'घरकाम' या शब्दासारखाच आहे. झाकण ठेवलेलं गंज. आत काय शिजतं आहे, ते बाहेरून दिसत नाही.

साधनाताईंचं माहेरचं नाव इंदू. ५ मे १९२६ चा जन्म, नागपूरच्या घुलेशास्त्रींच्या घरचा. संस्कृत विद्येचं, सोवळंओवळं पाळणारं घर. त्या घरी लग्नकार्य होतं. सगळे मांडवात, नट्टापट्टा चाललेला, आणि इंदू मागच्या बाजूला एका म्हाताऱ्या मोलकरणीला कपडे धुवायला मदत करत होती, गुपचूप. हे एका माणसाने पाहिलं. तो माणूस म्हणजे मुरलीधर देविदास आमटे, वरोऱ्याचे वकील. त्या वेळी दाढीजटा वाढवून संन्याशासारखे राहत होते. लग्न करायचंच नाही असं ठरवलेल्या या माणसाने ते धुणं पाहिलं आणि हिलाच मागणी घालायची असं ठरवलं. लोक मुलगी पाहायला जातात तेव्हा तिला चहापोहे घेऊन समोर बसवतात. इथे मुलगी पाहिली ती ओल्या कपड्यांच्या ढिगाजवळ. मला ही गोष्ट आवडते ती एवढ्यासाठीच, की बाबांनी इंदूचं रूप नाही पाहिलं, तिचं काम पाहिलं.

१८ डिसेंबर १९४६ ला लग्न झालं. इंदूची साधना झाली. आपल्याकडेही ताटात तांदूळ पसरून नवरीचं नवं नाव लिहितात, तसंच. याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. वीस वर्षं वापरलेलं नाव एका दिवसात का टाकायचं, हे मला कधी कळलं नाही. पण साधनाताईंनी ते नाव असं काही कमावलं, की आता इंदू म्हटलं तर कोणी ओळखणार नाही.

नवरीचं नवं घर कसलं? वरोऱ्याचा श्रमाश्रम. वेगवेगळ्या जातींची कष्टकरी माणसं एकत्र राहत होती, कमाई एकत्र करत होती, एका ठिकाणी जेवत होती. सोवळ्याच्या घरातून आलेली वीस वर्षांची मुलगी अशा घरात उतरली. १९४७ मध्ये विकास झाला, १९४८ च्या डिसेंबरात प्रकाश. बाबा तेव्हा नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते, आणि सफाई कामगारांचं दुःख कळावं म्हणून स्वतः मैला वाहत होते. त्याच काळात त्यांना भर पावसात रस्त्याकडेला पडलेला तुळशीराम दिसला. कुष्ठरोगाने हातापायाची बोटं झडलेली. बाबा आधी घाबरून पळाले, मग स्वतःची लाज वाटून परत आले. ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पण तिच्यातला घराचा भाग फारसं कोणी सांगत नाही. नवरा असं ठरवतो की आता आयुष्य कुष्ठरोग्यांसोबत काढायचं, आणि घरात दोन तान्ही लेकरं आहेत. त्या काळी कुष्ठरोग म्हटलं की सख्खे भाऊ दार लावून घेत. या निर्णयावर एकट्या बाबांची सही असून चालणार नव्हतं. रोजचं जगणं तर साधनाताईंनाच रांधायचं होतं.

१९४९ मध्ये महारोगी सेवा समिती सुरू झाली. बाबा कलकत्त्याला जाऊन कुष्ठरोगाच्या उपचाराचं शिक्षण घेऊन आले. १९५१ च्या जूनमध्ये विनोबांच्या हस्ते आनंदवन सुरू झालं. सरकारने दिलेली पन्नास एकर जागा, सगळी दगडधोंड्यांची. हाताशी काय, तर १४ रुपये, एक लंगडी गाय आणि सहा कुष्ठरोगी. दोन झोपड्या. आजूबाजूला साप, विंचू. बिबट्या रात्री येऊन कुत्री उचलून न्यायचा. विकास साडेतीन वर्षांचा, प्रकाश अडीच वर्षांचा. आपण लेकराला अंगणात सोडताना दहादा मागे वळून बघतो.

इथून साधनाताईंचे व्यवसाय मोजायला लागा. गाय होती, म्हणजे शेणगोठा आला, धार काढणं आलं. माणसं होती, म्हणजे स्वयंपाक आला, तोही दोनचार जणांचा नाही. जखमा होत्या, म्हणजे शुश्रूषा आली. विहीर खणायची होती, दगड फोडायचे होते, जमीन कसायची होती. पाहुणे यायला लागले, म्हणजे वेळीअवेळी ताटं वाढणं आलं. यांतल्या एकाही कामाचा पगार नाही आणि एकाही कामाला सुट्टी नाही. आपल्या नोंदवहीत या सगळ्यासाठी एकच शब्द आहे, आणि तो मीच लिहीत होते.

भाजी पिकायला लागली तेव्हा नवं संकट आलं. कुष्ठरोग्यांनी पिकवलेली भाजी वरोऱ्यात कोणी घेईना. हात लावायलाही लोक भ्यायचे. पुढे पन्नासच्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे स्वयंसेवक आनंदवनात आले. देशोदेशीची तरुण पोरं-पोरी. त्यांनी विटा-माती वाहून इमारती बांधल्या, तिथेच राहिले, तिथलीच भाजी खाल्ली. वरोऱ्याच्या लोकांनी पाहिलं, की हे गोरे लोक जेवतात आणि त्यांना काही होत नाही. मग हळूहळू भीती गेली. आता विचार करा, ज्या बाईने नागपूरबाहेरचं जग फारसं पाहिलं नव्हतं, तिच्या चुलीवर सगळं जग जेवायला आलं. भाषा येवो न येवो. आपल्यालाही माहीत आहे, पाहुण्याला आणखी भाकर हवी का, हे विचारायला भाषा लागत नाही.

जाता जाता एक सांगते, कारण आपल्या जिल्ह्यात कुष्ठरोग अजून संपलेला नाही. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. गोळ्या फुकट मिळतात. प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने घ्याव्या लागतात, आणि रोगी बरा होतो. लपवलं तर बोटं जातात.

साधनाताईंची मैत्री कोणाकोणाशी? पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांच्यासारखी मोठी माणसं आनंदवनाचे मित्र होती, वर्षाच्या वर्षाला मित्रमेळावा भरायचा. पण मला विचाराल तर त्यांची खरी मैत्री त्या बायांशी, ज्यांना घरच्यांनी टाकलं होतं. कुष्ठरोगी बाईला सासर नाही आणि माहेरही नाही. तिच्या हातचं पाणी कोणी पिणार नाही. तिच्याजवळ कोणी बसलं, तर तेच तिचं माहेर. सगळे त्यांना 'ताई' म्हणायचे. बाबांना 'बाबा' आणि यांना 'आई' असं झालं नाही, 'ताई' झालं. ताई म्हणजे जिच्याशी भांडताही येतं.

आणि त्या बाबांच्या सावलीसारख्या होत्या असं म्हणतात, ते मला पूर्ण पटत नाही. बाबांचा देवधर्मावर विश्वास नव्हता, साधनाताईंचा होता. त्यांची पूजा चालू राहिली, त्यांचं काम चालू राहिलं. एका घरात दोन मतं नांदली. सावलीला स्वतःचा देव्हारा नसतो.

पुढे आनंदवन वाढलं. शाळा झाल्या, महाविद्यालय झालं. १९६७ मध्ये मूल तालुक्यात सोमनाथ प्रकल्प सुरू झाला. १९७३ च्या डिसेंबरात भामरागडकडे हेमलकसा. तिथे राहायला गेले ते त्यांचे धाकटे चिरंजीव प्रकाश आणि सून मंदाकिनी, दोघेही डॉक्टर. तेव्हा तिथे वीज नव्हती, पावसाळ्यात रस्ता नव्हता. आपण पोराला पुण्याला नोकरीला पाठवताना आठ दिवस रडतो. या माउलीने पोरगा आणि सून, दोघांनाही घनदाट जंगलात जाऊ दिलं, तेही स्वतः असंच जगून झाल्यावर, म्हणजे पुढे काय आहे ते पुरतं माहीत असताना.

तुम्हाला वाटेल, आता तरी त्या टेकल्या असतील. नाही. १९९० च्या सुमारास बाबा आनंदवन सोडून नर्मदेच्या काठी कसरावदला जाऊन राहिले, धरणात बुडणाऱ्या लोकांसोबत. बाबांच्या पाठीच्या कण्याचं दुखणं असं, की त्यांना बसताच येत नसे. एक तर उभं राहायचं, नाही तर पडून राहायचं. अशा माणसाला घेऊन साधनाताईंनी चौसष्टाव्या वर्षी परक्या मुलखात नवा संसार मांडला. वर्ष-दोन वर्षं नाही, दहाएक वर्षं. आपल्या गटात पंचेचाळीस वर्षांच्या बाया म्हणतात, आता आमच्याने काय होते मॅडम. मी त्यांना नर्मदेचा हा किस्सा सांगते. काही हसतात, काही चिडतात.

साधनाताईंनी आपली कहाणी स्वतः लिहिली. पुस्तकाचं नाव 'समिधा'. समिधा म्हणजे होमात घालायच्या काड्या. पुस्तक मला प्रिय आहे, पण नाव थोडं टोचतं. समिधा जळून जाते, लोक नमस्कार करतात तो अग्नीला. साधनाताई जळून गेल्या नाहीत. बाबा ९ फेब्रुवारी २००८ ला गेले, त्या त्यांच्यानंतर तीन वर्षं राहिल्या आणि ९ जुलै २०११ ला गेल्या. पण हे नाव त्यांनीच निवडलं, तेव्हा माझा काय अधिकार? मला एवढंच वाटतं, बरं झालं त्यांनी लिहून ठेवलं. नाही तर चौदा रुपये, लंगडी गाय आणि बाबा एवढंच आपल्यापर्यंत आलं असतं.

एक फरक बघा. बाबांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला १९८५ मध्ये, त्यावर नाव एकट्या बाबांचं. २००८ मध्ये तोच पुरस्कार हेमलकशाला मिळाला, त्यावर नावं दोन, प्रकाश आणि मंदाकिनी. सासूपासून सुनेपर्यंत यायला तेवीस वर्षं लागली.

आता परत आपल्या नोंदवहीकडे. आपल्यातली कोण पुस्तक लिहिणार आहे? वेळ कुठे आहे? म्हणून आमच्या गटांमध्ये आम्ही एक सुरू केलं आहे, ते तुम्हालाही सांगते. बैठकीत वसुली आणि सह्या झाल्यावर दहा मिनिटं काढायची. एका वेळी एकाच सभासदाचं लिहायचं. तिने आजवर कोणकोणती कामं केली, कुठे शिकली, कोणाकडून शिकली, किती वर्षं केली, तिची जिवाभावाची मैत्रीण कोण. ती स्वतः सांगायला लाजते, म्हणून शेजारच्या बाईने सांगायचं. आणि जमलं तर नवऱ्यालाही विचारायचं. पहिल्या बैठकीत एकजण म्हणाली, माझा नवरा काय सांगणार, त्याला भाजीत मीठ कमी आहे तेवढंच कळते. सगळ्या हसल्या. पुढच्या बैठकीत तीच सांगत आली, की नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, तू लग्नाच्या आधी बांधावर पाटी डोक्यावर घेऊन पळायची, तेव्हापासून मी तुला ओळखतो. वीस वर्षांत हे तो कधी बोलला नव्हता. कर्जाचा अर्ज भरतानाही याचा उपयोग होतो बरं का. 'घरकाम' लिहिलं की पुढचा विचारतो, कमाई कुठून? कामं लिहिलेली असली की आपणही नीट बोलतो.

त्या वारलेल्या बाईचं पान मी नव्याने लिहिलं. रकान्यात मावत नव्हतं म्हणून कागद जोडला. रोवणा, तेंदूपान, कोसा, शाळेतला स्वयंपाक, बाळंतिणीची सोबत, मोहफुलं, गटाची सचिव दोन वर्षं. डोंगा आणि पुराचंही लिहिलं. मैत्रिणीच्या गावाचं नावही लिहिलं. ठरावही नवा घेतला. मग त्यांना निरोप धाडला. ते सायकलने आले, लेकालाही सोबत आणलं. मी वाचलं. म्हणाले, पुन्हा येकदा वाचा. मी पुन्हा वाचलं. लेक मान खाली घालून ऐकत होता. यातलं निम्मं त्यालाही माहीत नव्हतं.

उठता उठता ते दारात थांबले. "बाई, अन् थे भज्याच्या दुकानाचं लिवलं का जी?"

ते राहिलं होतं. मी पेन काढला.